वेतनाचा टेकू आणि कामाचा पाया

जालना शहरात ‘राजूर चौफुली’ या नावाचा एक चौक आहे. तेथून निघालेला रस्ता सुमारे २५ किलोमीटरांवर भोकरदन तालुक्यातील राजूर या गावी पोहोचतो. गणेशाच्या साडेतीन पीठांत या क्षेत्राची गणना होते आणि अंगारकी चतुर्थीस तेथे मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून अफाट जनसमुदाय लोटतो. त्या दिवशी गावात हाताला काम नाही असा माणूस सापडत नाही. हार-फुले, नारळ, पेढे, चहा, वाहनतळ, रसाची दुकाने, जिकडे पाहावे तिकडे माणसे राबत असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तीच तरुण मुले पुन्हा रस्त्याच्या कडेस उभी असलेली दिसतात. यात्रेने त्यांस रोजगार दिला, हे खोटे नव्हे. पण तो रोजगार यात्रेबरोबर आला आणि यात्रेबरोबर गेला. बेकारीच्या निवारणार्थ अलीकडे जो एक उपाय सरकारदरबारी प्रतिष्ठा पावला आहे, त्याचा विचार करताना आम्हांस राजूरची ही अंगारकी वारंवार आठवते.

हा उपाय म्हणजे वेतनास सरकारी अनुदान देणे. मालकाने माणूस कामावर ठेवावा आणि त्याच्या पगाराचा काही भाग, क्वचित सर्वच भाग, सरकारने आपल्या तिजोरीतून भरावा, असे त्याचे थोडक्यात स्वरूप आहे. महाराष्ट्र सरकारने २०२४ साली ‘मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना’ जाहीर केली. १८ ते ३५ वर्षे वयाच्या बारावी उत्तीर्ण तरुणास दरमहा ६,००० रुपये, आयटीआय अथवा पदविकाधारकास ८,००० रुपये आणि पदवीधरास १०,००० रुपये असे विद्यावेतन सहा महिने सरकारने थेट त्याच्या बँक खात्यात भरावयाचे, अशी ती योजना. वर्षाकाठी १० लाख तरुणांसाठी ५,५०० कोटी रुपयांची तरतूद सांगण्यात आली आणि २०२५ साली सहा महिन्यांची मुदत वाढवून ११ महिन्यांची करण्यात आली. त्याच वर्षी केंद्र सरकारने ‘प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना’ हाती घेतली. १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात होणाऱ्या नेमणुकांना ती लागू आहे. प्रथमच नोकरीस लागणाऱ्या कामगारास एका महिन्याच्या वेतनाइतकी, परंतु १५,००० रुपयांच्या मर्यादेत, रक्कम दोन हप्त्यांत मिळावयाची; आणि नवा कामगार ठेवणाऱ्या मालकास त्याच्या वेतनाच्या प्रमाणात दरमहा ३,००० रुपयांपर्यंत दोन वर्षे, कारखानदारीत चार वर्षे, प्रोत्साहन मिळावयाचे. ९९,४४६ कोटी रुपये खर्च आणि साडेतीन कोटी रोजगार, असे तिचे उद्दिष्ट आहे.

एवढ्या मोठ्या रकमा ज्या कल्पनेवर खर्च होणार, ती कल्पना मुळात वेडगळ आहे काय? तसे म्हणता येणार नाही. निकोलस काल्डोर या अर्थशास्त्रज्ञाने १९३६ साली, जागतिक मंदीच्या छायेत, बेकारीवरील इलाज म्हणून वेतन-अनुदानाची मांडणी केली होती. हेच काल्डोर पुढे १९५६ साली आपल्या करपद्धतीविषयी अहवाल देण्यासाठी भारतात आले होते. मजुरीचा दर मालकाला जड वाटतो म्हणून मजुराचे पोट कापण्यापेक्षा मालकावरील भार सरकारने काही अंशी उचलावा. मजुराच्या हाती पडणारी रक्कम तीच राहील आणि मालकाला माणूस स्वस्त पडेल, हा या विचाराचा गाभा होय. नवख्या तरुणाच्या बाबतीत तर त्यास आणखी एक आधार आहे. ज्याने कधी नोकरी केली नाही त्याची लायकी मालकास ठाऊक नसते, आणि कोणी नोकरीच देत नाही म्हणून ती सिद्धही होत नाही. हे कोडे पहिल्या काही महिन्यांचा खर्च उचलून सुटत असेल तर तो खर्च वाया गेला असे कोण म्हणेल?

आपल्याकडे या विचारास आणखी एक पार्श्वभूमी आहे व ती सहसा सांगितली जात नाही. उद्योगांनी मुंबई-पुण्याबाहेर जावे म्हणून महाराष्ट्राने १९६४ साली सामूहिक प्रोत्साहन योजना सुरू केली आणि तिच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. तिचा भर मुख्यतः भांडवली गुंतवणुकीवर आणि करांच्या सवलतीवर राहिला. २०१६ साली विदर्भ-मराठवाड्यातील उद्योगांना विजेच्या दरात सवलत देण्यात आली. म्हणजे यंत्र स्वस्त, वीज स्वस्त, जमीन स्वस्त. आणि एवढ्या स्वस्ताईत माणूस तेवढा आपल्या पूर्ण किमतीला, अशी ही व्यवस्था होती. ज्या प्रांतात माणसांची वाण नाही आणि भांडवलाची आहे, तेथे सरकारनेच माणसापेक्षा यंत्र बरे असा हिशेब मालकाच्या हाती द्यावा, ही विसंगती होती. वेतन-अनुदान त्या विसंगतीवर उतारा म्हणून आले असेल तर त्याचे स्वागतच केले पाहिजे.

तथापि स्वागत करणे निराळे आणि डोळे मिटून घेणे निराळे. या उपायाचा इतिहास दोनशे वर्षांहून जुना आहे व तो सर्वस्वी सुखावह नाही. इंग्लंडात १७९५ साली बर्कशायर परगण्यातील न्यायाधीशांनी स्पीनहॅमलंड येथे असे ठरविले की, पावाच्या किमतीच्या मानाने मजुराची मजुरी जेवढी कमी पडेल तेवढी भर स्थानिक निधीतून घालावी. हेतू दयेचा होता. पण पुढे १८३४ च्या चौकशी आयोगाने असा ठपका ठेवला की, उरलेले पैसे निधीतून मिळणारच आहेत हे पाहून जमीनमालकांनी मजुरीच कमी केली. हा ठपका अतिरंजित होता असे पुढील काही इतिहासकार म्हणतात. पण त्यातील इशारा आजही विसरण्याजोगा नाही. मजुराच्या नावाने काढलेला पैसा मजुराच्याच घरी जाईल याची शाश्वती योजनेच्या नावात नसते, तिच्या अटींत असते.

दुसरा धोका अधिक साधा व अधिक खर्चाचा आहे. ज्या माणसास मालक तसाही कामावर घेणार होता, त्याच्यासाठीही अनुदान घेतले जाते. येथे शाळेतील त्रैराशिक पुरेसे आहे. ९९,४४६ कोटींस साडेतीन कोटी रोजगारांनी भागले तर दर रोजगारामागे सुमारे २८,४०० रुपये पडतात; रक्कम माफक वाटते. पण समजा, शंभरांतील ऐंशी नेमणुका अनुदान नसते तरी झाल्याच असत्या. मग खऱ्या अर्थाने नवे असे वीसच रोजगार उरले आणि प्रत्येकाची किंमत पाचपट, म्हणजे १ लाख ४२ हजार रुपये झाली. ऐंशी हा आकडा आम्ही केवळ उदाहरणादाखल घेतला आहे. प्रत्यक्षात तो किती, हे शोधण्याची तजवीज योजनेतच असावयास हवी. २०१६ साली केंद्राने मालकाच्या वतीने निवृत्तिवेतन निधीचा आणि पुढे भविष्य निर्वाह निधीचाही हिस्सा भरण्याची योजना काढली. तिचा लाभ १ कोटी २१ लाख कामगारांच्या नावे झाल्याचे सांगण्यात आले. त्यांपैकी किती माणसे त्या योजनेमुळे कामास लागली आणि किती आधीच कामावर असून केवळ नोंदवहीत चढली, या प्रश्नाचे उत्तर त्या आकड्यात नाही. नोंदवहीत नाव चढणे हाही कामगाराचा लाभ आहे, यात शंका नाही; परंतु त्यास बेकारीचे निवारण म्हणता येणार नाही. नव्या योजनेत, ५० पेक्षा कमी कामगार असतील तेथे किमान दोन आणि त्याहून अधिक असतील तेथे किमान पाच माणसे नव्याने वाढली पाहिजेत व सहा महिने टिकली पाहिजेत, अशी अट घातली आहे. मागील चुकीपासून घेतलेला हा धडा आहे आणि तो योग्य आहे.

अन्य विकसनशील देशांचा अनुभवही पाहण्याजोगा आहे. जॉर्डनमध्ये २०१० साली महाविद्यालयातून नुकत्याच बाहेर पडलेल्या तरुणींना अशी पत्रे देण्यात आली की, जो मालक त्यांना कामावर घेईल त्यास सहा महिनेपर्यंत किमान वेतनाएवढी रक्कम मिळेल. कोणास पत्र द्यावयाचे हे सोडतीने ठरविल्यामुळे तुलना चोख झाली. मुदत चालू होती तोवर पत्र मिळालेल्या तरुणींत नोकरीचे प्रमाण सुमारे ४० टक्के-बिंदूंनी वाढले. मुदत संपली आणि वाढ जवळजवळ सगळी ओसरली. श्रीलंकेत अगदी लहान व्यावसायिकांना मदतनीस ठेवण्यासाठी अनुदान देऊन पाहिले. तेथेही ते चालू असेतो मदतनीस राहिला, पुढे टिकाऊ असा फरक राहिला नाही. दक्षिण आफ्रिकेने १ जानेवारी २०१४ पासून तरुण कामगार ठेवणाऱ्या मालकांस करसवलत दिली. आरंभीच्या पाहण्यांत तरुणांच्या एकंदर रोजगारात ठळक वाढ आढळली नाही, आणि त्या देशातील तरुणांची बेकारी जगातील अत्यंत तीव्र बेकारींत मोडते. या तीन देशांची परिस्थिती एकसारखी नाही. पण तिन्ही उदाहरणे एकच प्रश्न विचारावयास लावतात. अनुदान थांबल्याच्या दुसऱ्या दिवशी काय उरते?

आता राजूरकडे वळू. समजा, तेथील एखाद्या घरातील मुलगा बारावी झाला आहे, किंवा आयटीआयमधून जोडारी अथवा वीजतंत्रीचा अभ्यासक्रम पुरा करून आला आहे. गावातच काम पाहावयाचे तर ट्रॅक्टर व दुचाकी दुरुस्ती, वेल्डिंग, मोटार रिवाइंडिंग, बी-बियाणे व खतांची दुकाने, मोबाइलची दुकाने, उपाहारगृहे, हेच त्याचे जग. यांत मालकासह तीन-चार माणसांपेक्षा अधिक माणसे क्वचितच असतात. केंद्राच्या योजनेचे अनुदान भविष्य निर्वाह निधीच्या नोंदणीवर अवलंबून आहे आणि तो कायदा सामान्यतः २० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांस बंधनकारक आहे. म्हणजे राजूरचा वेल्डर चांगला कारागीर असला, मुलाला हाताखाली घेऊन धंदा शिकविण्याची त्याची तयारी असली, तरी या अनुदानाच्या लेखी तो जवळजवळ अस्तित्वात नाही. हा केवळ राजूरचा प्रश्न नाही. २०२३-२४ च्या श्रमशक्ती पाहणीनुसार देशातील काम करणाऱ्यांपैकी सुमारे ५८ टक्के लोक स्वयंरोजगारावर आहेत आणि नियमित पगारी नोकरीत असलेले सुमारे २२ टक्केच. पगारपत्रकास चिकटविलेले अनुदान ज्या देशात पाचांतील एकालाच पगारपत्रक आहे तेथे किती दूर जाईल, याचा अंदाज वाचकांनी करावा. त्याच पाहणीत एकंदर बेकारी ३.२ टक्के आणि १५ ते २९ वयोगटातील बेकारी १०.२ टक्के आढळली. हा दुसरा आकडा हीच खरी जखम आहे.

मग तो मुलगा जालन्यास जाईल. जालन्याचे पोलादाचे कारखाने सर्वदूर प्रसिद्ध आहेत. तेथे भट्टीपुढे राबणारे हात पुष्कळसे बिहार-उत्तर प्रदेशातून आलेले असतात. आमचे मुलगे ते काम करीत नाहीत म्हणून त्यांना आळशी ठरविणे हा शहरातील बैठकांतील आवडता निष्कर्ष आहे. आम्हांस तो अन्यायाचा वाटतो. परप्रांतीय मजूर कारखान्याजवळच्या खोलीत पाच-सहा जणांसह राहतो, बारा तास राबतो आणि वर्षातून एकदा गावी जातो. राजूरच्या मुलाने रोज जाऊन-येऊन ५० किलोमीटरांचा प्रवास करावयाचा, किंवा खोलीचे भाडे द्यावयाचे, आणि घरची कपाशी-मक्याची शेतीही सांभाळावयाची. त्याच्या मार्गातील अडचण मालकाच्या पगारखर्चापेक्षा बसच्या वेळेची, निवाऱ्याची आणि शिक्षण व काम यांतील अंतराची अधिक आहे. मुलींच्या बाबतीत तर सुरक्षित प्रवास व वसतिगृह यांवाचून नोकरीची गोष्टच बोलणे व्यर्थ आहे. मालकास मिळणारे ३,००० रुपये यांपैकी कोणतीच अडचण दूर करीत नाहीत.

राज्याच्या योजनेने राजूरसारख्या गावांतील तरुणांना जवळ केले, हे मान्य केले पाहिजे. पण कोठे नेऊन बसविले? पुष्कळांना शासकीय कार्यालयांत, शाळांत, ग्रामपंचायतींत. कार्यालयांना रिकाम्या जागी फुकटचा मनुष्य मिळाला आणि तरुणास घराजवळ टेबल मिळाले. पण सरकारी कार्यालय हा असा मालक आहे की, प्रशिक्षणार्थी कितीही हुशार निघाला तरी त्यास तो कामावर ठेवू शकत नाही. कारण तेथील भरती परीक्षेने, जाहिरातीने आणि आरक्षणाच्या नियमांनी होते. सहा महिन्यांचे अकरा झाले, अकरा संपले आणि तरुण पुन्हा बाहेर आले. २०२५ साली या प्रशिक्षणार्थींनी कायम करण्याच्या मागणीसाठी आंदोलने केली. त्यांच्या मागणीस कायद्याचा आधार नव्हता. पण त्यांच्या निराशेस मात्र होता. ज्या उंबरठ्यावर पुढे दरवाजाच नाही, त्या उंबरठ्यावर त्यांना वर्षभर बसविण्यात आले होते.

येथे आम्हांस आमच्या मास्तरकीच्या दिवसांतील एक गोष्ट सांगाविशी वाटते. राज्यात २००० साली शिक्षणसेवक योजना आली. तिच्यावर टीका करण्यास पुष्कळ जागा होती. पूर्ण काम आणि तुटपुंजे मानधन हा अन्याय होताच. पण तीन वर्षांनी नियमित वेतनश्रेणी मिळेल, हे त्या तरुण शिक्षकास ठाऊक असे. त्यामुळे तो वर्गावर आपला म्हणून उभा राही, मुलांची नावे पाठ करी, पुढील वर्षीच्या सहलीचे बेत आखी. अकरा महिन्यांसाठी आलेल्या मुलाकडून ही अपेक्षा कशी करावी? अनुदानाच्या रकमेपेक्षा पुढच्या पायरीची खात्री माणसास अधिक कामाला लावते, हे आम्ही पुस्तकात वाचलेले नाही, शाळेच्या व्हरांड्यात पाहिलेले आहे. खेड्यातील तरुणाच्या आयुष्यात ते एक वर्ष फार मोलाचे असते. स्पर्धा परीक्षेची वयोमर्यादा त्या वर्षाने जवळ येते, लग्नाच्या बोलणीत ‘मुलगा काय करतो’ या प्रश्नास उत्तर राहत नाही, आणि धाकट्या भावंडांचा शिक्षणावरील विश्वास उडतो. मराठवाड्यात आरक्षणाच्या प्रश्नावर जो क्षोभ गेल्या काही वर्षांत उसळला, त्याच्या मुळाशी कोणी काहीही म्हणो, शेतीतून बाहेर पडण्याची वाट सापडत नाही ही व्यथा आहेच.

शहरातील सुशिक्षित वाचकास या सर्व चर्चेत आपला काय संबंध, असे वाटण्याचा संभव आहे. त्याने आपल्या पगाराची चिठ्ठी काढून पाहावी. तीत दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर म्हणून कापलेले असतात, वर्षाचे २,५००. हा कर १९७५ साली बसविला गेला तो रोजगार हमी योजनेसाठी. तासगाव तालुक्यातील विसापूरचे वि. स. पागे, जे विधान परिषदेचे सभापती होते, त्यांनी या योजनेची कल्पना रुजविली. १९७२ च्या भीषण दुष्काळात मराठवाड्यातील शेतकरी कुटुंबे खडी फोडावयास गेली, सुकडीवर मुले जगली, आणि मे १९७३ च्या सुमारास राज्यभरात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. त्या अनुभवातून १९७७ चा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम हा त्याचा मंत्र होता आणि २००५ च्या केंद्रीय कायद्यास त्याने वाट दाखविली. शहरातील पगारदाराने खेड्यातील भूमिहीनाच्या कामाचा भार उचलावा, असा हा करार होता. तो करताना त्या वेळच्या मध्यमवर्गाने फारशी कुरकुर केली नाही, ही अभिमानाची गोष्ट आहे.

रोजगार हमीत भ्रष्टाचार नव्हता असे नाही. खोट्या हजेरीपटांच्या कथा सर्वांना ठाऊक आहेत. पण तिच्यात दोन गोष्टी होत्या ज्या वेतन-अनुदानात आपोआप येत नाहीत. एक, काम मागण्याचा हक्क मजुराकडे होता. मालकाच्या मर्जीचा प्रश्न नव्हता. दुसरी, मजुरी संपल्यावरही बांध, पाझर तलाव, विहिरी, रस्ते आणि पुढे फळबागा मागे राहिल्या. आज बारावी झालेला मुलगा खडी फोडावयास जाणार नाही आणि त्याने जावे असेही आम्ही म्हणत नाही. काळ बदलला, शिक्षण वाढले, साधनही बदलले पाहिजे. परंतु काहीतरी मागे उरले पाहिजे, ही कसोटी बदलण्याचे कारण नाही. त्या वेळी मागे तलाव राहिला. या वेळी तरुणाच्या हातात एखादे पक्के कौशल्य राहिले पाहिजे, किंवा त्याच्या नावावर टिकाऊ नोकरी.

अनुदान हे मागणीची जागा घेऊ शकत नाही, हेही जालन्यानेच शिकविले आहे. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही संस्था स्थापिली आणि संकरित बियाण्यांचा उद्योग या भागात रुजला. परागीकरणाचे काम बारीक नजरेचे आणि हातांचे. त्या कामावर शेतमजूर स्त्रियांना रोज मिळाला तो कोणी त्यांच्या मजुरीस अनुदान दिले म्हणून नव्हे. बियाण्यास देशभर गिऱ्हाईक होते म्हणून मिळाला. माल खपत नसेल तर माणूस अर्ध्या किमतीत मिळाला तरी मालक त्यास घेऊन काय करील? ज्या वर्षी पाऊस जातो त्या वर्षी राजूरची दुकाने ओस पडतात आणि असलेला नोकरही घरी बसतो. पाणी, वीज, शेतमालावरील प्रक्रिया आणि तयार मालाची बाजारपेठ यांविषयीचे सरकारचे धोरण लंगडे असेल, तर वेतनाचा टेकू एकटा ते छप्पर तोलून धरणार नाही.

यावर दोन बाजूंनी आक्षेप येतील. कोणी म्हणतील, कारखानदारांच्या घशात पैसा घालण्यापेक्षा ही योजनाच बंद करा. आमचे तसे मत नाही. पहिली संधी मिळणे ही सर्वांत अवघड गोष्ट आहे, आणि ज्या घरात ओळखीचा अधिकारी वा नातलग कारखानदार नाही त्या मुलास ती मिळवून देण्याचे हे एक साधन आहे. कोणी उलट म्हणतील, सर्व प्रशिक्षणार्थींना कायम करा. तसे केल्यास जो बाहेर परीक्षेची तयारी करीत बसला आहे त्याच्यावर अन्याय होईल आणि पुढील दहा वर्षांची भरती एका फटक्यात खर्ची पडेल. दोन्ही टोके सोडून साधन सुधारणे, हा कंटाळवाणा परंतु खरा मार्ग आहे.

त्यासाठी चार गोष्टी आवश्यक आहेत असे आम्हांस वाटते. प्रथम, अनुदानित प्रशिक्षणार्थी शासकीय टेबलांवरून उठवून जेथे धंदा चालतो व शिकविला जातो अशा ठिकाणी नेले पाहिजेत. कार्यालयात ठेवावयाचेच असतील तर त्या अनुभवास भरतीत किती गुण, हे आधी जाहीर झाले पाहिजे. दुसरे, लहान कारागिरास योजनेत घेतले पाहिजे. त्यासाठी नवा कायदा नको. १९६१ चा शिकाऊ उमेदवारी कायदा आहे, त्याखालील नियमांनुसार ४ ते २९ माणसांच्या आस्थापनांसही ऐच्छिक रीत्या शिकाऊ उमेदवार ठेवता येतात, आणि विद्यावेतनाचा काही भाग देण्याची केंद्राची योजनाही २०१६ पासून आली. राजूरच्या तीन-चार वेल्डर-मेस्त्रींनी मिळून एक गट करावा, भोकरदन-जालन्याच्या आयटीआयने त्यांची देखरेख करावी आणि वर्षाअखेर परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यावे, यात अशक्य असे काय आहे? तिसरे, रक्कम आरंभी कमी व शेवटी अधिक असावी आणि तिचा मोठा हिस्सा तरुण अनुदानाविना आणखी वर्षभर कामावर टिकल्यानंतरच मालकास मिळावा. चौथे, मागास तालुक्यांत अनुदानाचा काही भाग मालकाऐवजी तरुणाच्या प्रवासास व निवाऱ्यास लावावा, मुलींच्या बाबतीत तर आवर्जून.

या सर्वांहून महत्त्वाची एक गोष्ट फुकट होण्यासारखी आहे. किती तरुणांस नेमणूकपत्रे दिली, याचे आकडे मेळाव्यात व्यासपीठावरून वाचले जातात. त्याऐवजी मुदत संपल्यानंतर बरोबर एका वर्षाने किती जण कामावर आहेत, कोठे आहेत आणि काय मिळवितात, याचे तालुकावार आकडे सरकारने प्रसिद्ध करावेत. खात्यात थेट पैसे भरणाऱ्या सरकारजवळ या प्रत्येक तरुणाचे नाव आणि पत्ता आहे. त्यास विचारणे कठीण नाही. आकडे चांगले निघाले तर योजनेच्या टीकाकारांची तोंडे बंद होतील; वाईट निघाले तर पुढील हजारो कोटी कसे वाचवावेत हे कळेल. व्यवसाय कर भरणाऱ्या प्रत्येक नागरिकास हा हिशेब मागण्याचा अधिकार आहे आणि आमच्या मते तो त्याने मागितला पाहिजे.

घर बांधताना भिंतीस टेकू देतात. चुना-सिमेंट सुकेपर्यंत त्याची गरज असते आणि सुकल्यावर तो काढून घेतात. टेकू काढल्यावर भिंत उभी राहिली तर गवंड्याचे काम चोख. भोकरदन तालुक्यातील मुलाच्या पहिल्या नोकरीस सरकारने जरूर टेकू द्यावा. पण तो काढल्यावर काय झाले, हे पाहावयास कोणीतरी अंगारकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी राजूरच्या रस्त्यावर उभे राहिले पाहिजे. त्या सकाळी कडेला उभ्या असलेल्या मुलांची संख्या वर्षागणिक कमी होत गेली, तर आमच्या पगारातून कापलेले दोनशे रुपये सत्कारणी लागले असे आम्ही आनंदाने लिहू.